लुगोची शर्यत आणि सेनियोचा बांध

जबलपूरहून तुमचा हा निवृत्त फौजी पुन्हा एकदा तुमच्यासमोर बसलाय. नेहमी मी लढाया सांगतो. आज एका सायकल शर्यतीबद्दल बोलणार आहे, तीही इटलीतल्या आणि २०११ नंतर थांबलेल्या. तुम्ही म्हणाल, साहेबांना काय झालं? थोडा धीर धरा. या शर्यतीच्या वाटेवर आपली मराठा पलटण उभी आहे.

आधी सायकलीशी माझं नातं सांगतो. माझे वडील इथल्या गन कॅरेज फॅक्टरीत होते. हा कारखाना १९०४ सालचा. माझ्या लहानपणी शिफ्टचा भोंगा वाजला की फाटकातून सायकलींचा लोंढा बाहेर पडायचा. पुढच्या दांडीला डबा, मागे कॅरिअरला भाजीची पिशवी. आम्ही पोरं रस्त्याच्या कडेला उभे राहून त्या लोंढ्यात आपापले बाबा शोधायचो. मी सायकल शिकलो ती वडिलांच्याच चोवीस इंचीवर, कैची मारत. गणेशोत्सवात आमच्या मराठी मंडळींची हळू सायकल शर्यत व्हायची. जो शेवटी पोचेल तो जिंकला! त्यात मी दोनदा पहिला आलोय. वेगाच्या शर्यतीत कधीच नाही.

पुढे पदवी घेतली, सैन्यात गेलो, मराठा लाइट इन्फन्ट्रीत आलो. बेळगावच्या रेजिमेंटल सेंटरमध्ये प्रत्येक तरुण अधिकाऱ्याला दोन नावं पाठ होतात. नाईक यशवंत घाडगे आणि शिपाई नामदेव जाधव. दोघांनाही दुसऱ्या महायुद्धात, इटलीत, व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. घाडगे कुलाबा जिल्ह्यातले, म्हणजे आजच्या रायगडचे. १० जुलै १९४४ रोजी टायबर नदीच्या खोऱ्यात ते धारातीर्थी पडले. जाधव नगर जिल्ह्यातल्या निमजचे. ते जिवंत परतले आणि १९८४ पर्यंत होते. इटलीच्या मोहिमेत भारतीय सैन्याला एकूण सहा व्हिक्टोरिया क्रॉस मिळाले, त्यातले हे दोन आपल्या रेजिमेंटचे.

आता नकाशा डोळ्यांसमोर आणा. इटलीच्या उत्तरेला, एड्रियाटिक समुद्राच्या बाजूला रोमान्या नावाचा प्रदेश आहे. समुद्राकडे सपाट, काळीभोर, पिकाऊ जमीन. दक्षिणेला अपेनाइन डोंगर. डोंगरातून लहान लहान नद्या सपाटीवर उतरतात, आणि पुराचं पाणी शेतात शिरू नये म्हणून दोन्ही काठांना मातीचे उंच बांध घातलेले असतात. अशीच एक नदी सेनियो. तिच्या पश्चिमेला दोन-चार किलोमीटरवर लुगो हे गाव.

लुगो आपल्याकडे कुणाला माहीत नाही. पण फेरारी गाडीवरचा उधळलेला काळा घोडा सगळ्यांनी पाहिलाय. तो घोडा लुगोचा. पहिल्या महायुद्धातला इटलीचा सर्वात नावाजलेला लढाऊ वैमानिक फ्रान्चेस्को बाराक्का इथे १८८८ साली जन्मला. चौतीस शत्रूविमानं पाडून १९१८ साली तो मारला गेला. त्याच्या विमानावर हा घोडा रंगवलेला असे. पुढे त्याच्या आईने एन्झो फेरारीला सांगितलं, हा घोडा तुझ्या गाडीवर लाव, नशीब उघडेल. ही गोष्ट फेरारीनेच सांगून ठेवलीय.

या लुगोची दुसरी ओळख म्हणजे ‘जिरो दि रोमान्या’, रोमान्याची सायकल फेरी. पहिली शर्यत १९१० साली झाली. संपूर्ण इटलीची मोठी शर्यत, ‘जिरो दितालिया’, त्याच्या आदल्याच वर्षी, १९०९ मध्ये एका क्रीडा वृत्तपत्राने सुरू केली होती. मोठी शर्यत आठवडेच्या आठवडे चालते. रोमान्याची एका दिवसात संपायची. सपाटीवर वेग, मग डोंगराचे चढ, आणि पुन्हा खाली. आपल्या मुंबई-पुणे सायकल शर्यतीत बोरघाट पहिल्यांदा चढणाऱ्याला ‘घाटाचा राजा’ म्हणतात ना, तसाच मान तिकडेही डोंगर चढणाऱ्याला असतो. जिरो दितालियामध्ये त्यासाठी १९३३ पासून वेगळं बक्षीस आहे.

आता लढाईकडे वळतो, कारण इथेच दोन रस्ते एकमेकांना मिळतात.

१९४४ च्या डिसेंबरात दोस्तांची आठवी आर्मी सेनियोपर्यंत पोचली आणि थांबली. थंडी, चिखल, पाऊस. पूर्वेला बान्याकाव्हालो गाव आपल्या ताब्यात, पश्चिमेला लुगो जर्मनांच्या. मधे नदी आणि तिचे बांध. जर्मनांनी त्या बांधांच्या पोटात खंदक आणि मशीनगनची ठाणी खोदली होती. काही ठिकाणी एकाच बांधाच्या एका अंगाला आपण आणि दुसऱ्या अंगाला ते, अशी गत. असे जवळजवळ चार महिने गेले. गावातली माणसं तळघरांत राहत होती.

९ एप्रिल १९४५. दुपारी विमानांनी बॉम्ब टाकले. मग तोफा सुरू झाल्या. संध्याकाळी आठव्या भारतीय डिव्हिजनने नदी ओलांडायला सुरुवात केली. त्यात पाचव्या मराठा लाइट इन्फन्ट्रीची पहिली पलटण होती, आजची आपली जंगी पलटण. नामदेव जाधव कंपनीचे रनर होते, म्हणजे निरोप पोचवणारा जवान. वय तेवीस. छोटी तुकडी पाण्यात उतरली आणि तीन मशीनगन एकदम सुरू झाल्या. कंपनी कमांडर आणि दोन जवान जखमी, बाकीचे जवळपास सगळे जागीच गेले. जाधवांनी एका जखमीला खांद्यावर घेतलं. खोल पाणी, उभा बांध, वर सुरुंगांचा पट्टा. त्याला सुरक्षित जागी ठेवून ते पुन्हा गेले आणि दुसऱ्याला आणलं. मग तिसऱ्यांदा एकटेच गेले. पहिलं ठाणं टॉमीगनने बंद केलं. हाताला गोळी लागली, बंदूक चालवता येईना, ती फेकून दिली आणि ग्रेनेड घेतले. ग्रेनेड संपले तेव्हा सरपटत बांधाच्या माथ्यावर येऊन मागच्या साथीदारांकडून आणखी घेतले. उरलेली दोन ठाणी संपवली. आणि मग तोफगोळे पडत असताना बांधावर ताठ उभे राहून ‘बोल श्री छत्रपती शिवाजी महाराज की जय’ अशी गर्जना केली आणि हात हलवून पलटणीला पुढे बोलावलं.

त्याच संध्याकाळी, त्याच नदीवर, शेजारच्या फ्रंटियर फोर्स रायफल्सच्या शिपाई अली हैदर यांनाही व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. दुसऱ्या दिवशी, १० एप्रिलला, लुगो मुक्त झालं. २ मे रोजी इटलीतल्या जर्मन फौजांनी शस्त्रं खाली ठेवली.

ही गोष्ट मी नोकरीत असताना पंचवीस-तीस वेळा तरी सांगितली असेल. नव्या जवानांना, शाळेतल्या मुलांना, एनसीसीच्या कॅम्पात. माझ्या फळ्यावर नेहमी तीन गोष्टी असायच्या. नदी, बांध, शत्रूची ठाणी. नदीपलीकडे मी काहीच काढत नसे. तिकडे माणसं राहतात, त्यांची काही जत्रा असेल, सण असेल, शर्यत असेल, हे माझ्या डोक्यातही आलं नाही. फौजी नकाशात गाव म्हणजे एक ठिपका आणि एक नाव.

२०१८ च्या एप्रिलमध्ये मी तिकडे गेलो. माझा भाचा तेव्हा बोलोन्यात नोकरीला होता. आधी फोर्लीला गेलो. तिथे भारतीय लष्कराचं युद्ध-दफनस्थान आहे. सुमारे पाचशे थडगी, आणि ज्यांना अग्नी दिला त्या सातशेहून अधिक हिंदू-शीख जवानांसाठी वेगळं स्मारक. नावं वाचत गेलो. सॅल्यूट केला. भाचा बाजूला गप्प उभा राहिला.

दुसऱ्या दिवशी लुगोत भाड्याने सायकली घेतल्या आणि सेनियोच्या बांधावर गेलो. मी जन्मभर फळ्यावर काढलेला तो बांध आता गवताने हिरवागार होता. नदी बघून तर मी चाटच पडलो. केवढीशी! आपल्या नर्मदेच्या घाटावर उभं राहिलेल्या माणसाला ती ओढाच वाटेल. ती पंधरा-वीस पावलांची रुंदी ओलांडायला त्या संध्याकाळी किती मोल पडलं, हे तिथे उभं राहिल्याशिवाय कळत नाही.

परतताना एका कॉफीच्या दुकानात बसलो. भिंतीवर सायकलपटूंचे जुने फोटो. दुकानदार सत्तरीचा असावा. भाच्याने सांगितलं, हे मामा हिंदुस्थानी सैन्यातले, बांध बघायला आलेत. म्हातारा उठून उभा राहिला. मग भाच्याकरवी जे बोलला ते असं.

युद्धाचं मला शाळेत कुणी शिकवलं नाही, तो म्हणाला. घरी वडीलही बोलायचे नाहीत. पण वर्षातून एकदा शर्यत यायची. सायकली ज्या वाटेने जाणार तिथे आजोबा मला दोन-तीन तास आधीच घेऊन जायचे. चांगली जागा मिळावी म्हणून. सायकली जायच्या दहा सेकंदांत. तोवर काय करणार? आजोबा बोलायचे. हा पूल उडवला होता. या घरात आम्ही आठजण तळघरात होतो. आणि तिकडून, बांधावरून, हिंदुस्थानी आले.

मंडळी, मला शर्यतीचं मर्म त्या दिवशी कळलं. रस्त्यावरची शर्यत ही काही स्टेडियमसारखी नसते. तिला तिकीट नाही, खुर्ची नाही. ती तुमच्या दाराशी येते. आणि ती यायच्या आधी माणसांना आपल्याच रस्त्याच्या कडेला उभं राहावं लागतं. आपल्याकडे पालखीच्या वाटेवर माणसं पहाटेपासून थांबतात, तसंच. पालखी निघून जाते, पण त्या थांबण्यात आजी नातवाला काय काय सांगून जाते. गावाच्या आठवणी अशा थांबण्यातून पुढे जातात.

भिंतीवरच्या फोटोंमध्ये एक माणूस मी ओळखला. फाउस्तो कोप्पी. इटलीचा सर्वात मोठा सायकलपटू कोण असं विचारलं तर निम्मे इटालियन त्याचं नाव घेतील. नोव्हेंबर १९४२ मध्ये त्याने मिलानमध्ये एका तासात ४५.७९८ किलोमीटर सायकल चालवून जागतिक विक्रम केला. मग त्याला आघाडीवर ट्युनिशियात पाठवलं. आपली चौथी भारतीय डिव्हिजन तिथे लढत होती. एप्रिल १९४३ मध्ये कोप्पी ब्रिटिशांचा युद्धकैदी झाला. त्याच काळात हजारो इटालियन कैदी इथे हिंदुस्थानात होते, आमच्या भोपाळजवळच्या बैरागढलाही त्यांची छावणी होती. कोप्पी मात्र आफ्रिकेत राहिला आणि युद्ध संपता संपता मायदेशी परतला.

१९४६ च्या मार्चमध्ये तो मिलान-सान रेमो ही शर्यत जिंकला, दुसऱ्यापेक्षा चौदा मिनिटं आधी. आणि त्याच वर्षी रोमान्याची शर्यतही जिंकला. पुढच्या वर्षी, १९४७ मध्ये, पुन्हा. विचार करा. जिथे चार महिने तळघरांत माणसं राहिली, पूल उडाले, शेतांत सुरुंग होते, त्या मुलुखात युद्ध संपल्याच्या पुढच्याच वर्षी सायकली धावल्या. जिंकला तो एक सुटून आलेला युद्धकैदी. रस्त्याच्या कडेला उभ्या असलेल्या माणसांनी टाळ्या वाजवल्या असतील तेव्हा त्यांना काय वाटलं असेल, हे सांगायला मी नको.

जी शर्यत दोन महायुद्धांतून तगली, ती थांबली २०११ नंतर. शत्रूने नाही, हिशेबाने थांबवली. कसं ते सांगतो.

ज्या खेळाला तिकीट नाही, त्याला गल्ल्यावरचं उत्पन्न नाही. पैसा येतो तो प्रायोजक, नगरपालिका आणि दूरदर्शनच्या हक्कांतून. २००५ साली जागतिक सायकल संघटनेने शर्यतींची नवी उतरंड लावली. वर बड्या शर्यती, त्यांत बड्या संघांना भाग घेणं बंधनकारक. खाली प्रत्येक खंडाच्या लहान शर्यती. रोमान्याची शर्यत खालच्या पायरीवर राहिली. बडे संघ बड्या शर्यतींत अडकले की लहान शर्यतीत नावाजलेले खेळाडू कमी येतात. खेळाडू नाहीत म्हणून कॅमेरे नाहीत. कॅमेरे नाहीत म्हणून प्रायोजक नाही. आणि खर्च मात्र तोच. रस्ते बंद ठेवायचे, पोलीस, रुग्णवाहिका, विमा, चौकाचौकांत झेंडा घेऊन उभे राहणारे स्वयंसेवक. ते स्वयंसेवकही म्हातारे होत जातात. २००८ नंतर युरोपात मंदी आली आणि इटलीतल्या अशा कितीतरी शर्यतींचा श्वास अडकला. व्हेनेतो प्रांताची १९०९ पासूनची शर्यत २०१२ नंतर थांबली आणि २०२१ मध्ये परत आली. दोघा-दोघांच्या जोडीने धावायची बाराक्की चषकाची शर्यत १९९१ नंतर संपली. रोमान्याचाच लाडका पोरगा मार्को पंतानी, ज्याने १९९८ साली इटली आणि फ्रान्स या दोन्ही मोठ्या फेऱ्या जिंकल्या, तो २००४ मध्ये गेला. त्याच्या नावाने त्याच वर्षी त्याच मुलखात स्मृती शर्यत सुरू झाली. एका प्रदेशात दोन शर्यतींना पैसा कुठून पुरणार?

मी दुकानदाराला विचारलं, शेवटची शर्यत झाली तेव्हा काय झालं? काही समारंभ? तो म्हणाला, शेवटची आहे हे कुणाला माहीत होतं? पुढच्या वर्षी आली नाही, एवढंच.

फौजेत पलटण मोडतात तेव्हाही रीत असते. युद्धानंतर कितीतरी पलटणी मोडल्या गेल्या. पण निशाण मानाने ठेवलं जातं, बिगुल वाजतो, माणसं एकमेकांना भेटतात. निदान कळतं की संपलं. शर्यतीला तेही नाही मिळालं.

इथे मला तुमच्यापाशी एक कबुली द्यायचीय. निवृत्तीनंतर आमच्या कॉलनीत मी दरवर्षी ९ एप्रिलच्या आसपासच्या रविवारी मुलांची सायकल शर्यत घ्यायचो. मोठी नाही हो, कॉलनीच्या फाटकापासून कॅन्टोन्मेंटच्या रस्त्याने फिरून परत. आधी सगळ्या पोरांना रांगेत उभं करून मी नामदेव जाधवांची गोष्ट सांगायचो. पोरं पाय आपटत उभी, सर लवकर शिट्टी वाजवा म्हणून. सहा वर्षं चालली. मग वाहतूक वाढली, एका मुलाचा गुडघा फुटला, परवानगीचे अर्ज, आयांच्या तक्रारी. एका मार्चमध्ये मी ग्रुपवर चार शब्दांचा निरोप टाकला: ‘यंदा शर्यत होणार नाही.’ पुढच्या वर्षी तोही टाकला नाही.

लुगोच्या त्या दुकानात बसून मी बड्या संघटनेला, प्रायोजकांना मनातल्या मनात शिव्या देत होतो. आणि एकदम लक्षात आलं की मीही तेच केलंय. बंद करायला शत्रू लागत नाही. एका माणसाचा कंटाळा पुरतो.

माझ्या व्याख्यानांतून किती पोरांना सेनियो आठवते? मला शंका आहे. पण कॉलनीतली एक मुलगी, आता पुण्यात इंजिनिअर आहे, मध्यंतरी भेटली. काका, ते तीन मशीनगनवाले नामदेव ना, म्हणाली. मी म्हटलं, कुठे ऐकलंस? म्हणाली, शर्यतीच्या आधी तुम्ही सांगायचात, आणि माझी चेन नेमकी तेव्हा पडलेली असायची.

रोमान्याच्या शर्यतीसाठी मी जबलपूरमध्ये बसून काही करू शकत नाही. तिचे विजेते, तिची वर्षं तुम्हाला सांगितली, तेवढंच माझ्या हातात होतं. पण तुमच्या गावात काही असेल, कुस्त्यांचा फड, शंकरपट, हळू सायकल शर्यत, जे वर्षातून एकदा माणसांना रस्त्याच्या कडेला आणून उभं करतं, तर त्याची वर्गणी द्या. मुलांना घेऊन जरा लवकर जा. आणि वाट बघताना त्यांच्याशी बोला.

माझं म्हणाल, तर येत्या ९ एप्रिलच्या रविवारी पुन्हा शिट्टी वाजवायची असं ठरवलंय. वडिलांची सायकल दुरुस्तीला टाकलीय. परवानगीचा अर्ज लिहून तयार आहे. अजून दिला नाही, पण उद्या सकाळी जाणार आहे.

जय हिंद.